सिग्नलचे सतरा सेकंद आणि आईचे पंचवीस

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फुटपाथवरून सुरक्षितपणे चालता येणं हा घटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर आली आणि आईचा लगेच फोन, "म्हणजे आता आपला फुटपाथ नीट करणार का गं?" आई ७४ वर्षांची आहे, कोथरूडला राहते, डायबिटीस आहे, उजवा गुडघा दुखतो, पण घरात बसून राहणाऱ्यातली नाही. बँक, भाजी, भिशी, देऊळ सगळं पायी. म्हणजे होतं. गेल्या दीड-दोन वर्षांत तिने एकेक करून बंद केलं आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की चालायचंच, वय झालं आता.

मग मी एक आठवडा तिच्यासोबत, तिच्या वेगाने, तिच्याच रस्त्यांवर चालले. आणि कळलं की तिचे पाय कुठेही थांबत नाहीत, ठरलेल्या जागी थांबतात, बोट ठेवून दाखवता येतील अशा जागा आहेत त्या. त्यानंतर ह्या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. ते इथे सोपं करून लिहितेय कारण मला वाटतं हे आत्ता बऱ्याच घरांत चालू आहे आणि सगळीकडे त्याला वय असंच नाव दिलं जातंय.

आधी सेकंदांचा हिशोब

रस्ता क्रॉस करायला सिग्नलने किती वेळ द्यायचा हे एका साध्या भागाकाराने ठरतं. रस्त्याची रुंदी भागिले माणसाचा चालायचा वेग. आता हा वेग किती धरायचा, तर जगभर वर्षानुवर्षं सेकंदाला १.२ मीटर असा धरत आलेत. हा धडधाकट माणसाचा वेग आहे, सकाळी ऑफिस गाठायला निघालेल्या माणसाचा.

इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांचा वेग प्रत्यक्ष मोजला होता, तो अभ्यास २०१२ मध्ये आला. पुरुषांची सरासरी निघाली सेकंदाला ०.९ मीटर, बायकांची ०.८. बायकांमधल्या ९४ टक्के जणी त्या १.२ च्या खालीच होत्या. म्हणजे सिग्नल ज्या माणसासाठी बसवलाय त्या माणसात आपल्या आया-आज्या जवळजवळ नाहीतच.

आता हा हिशोब रस्त्यावर मांडून बघा. २० मीटर रुंद रस्ता धरा. १.२ च्या वेगाने साधारण १७ सेकंद लागतात, ०.८ च्या वेगाने २५. तर सतराव्या सेकंदाला सिग्नल बदलतो तेव्हा आई साडेतेरा मीटर पार करून रस्त्यावरच उभी असते, पुढे अजून सहा मीटरच्या वर बाकी, म्हणजे जवळपास दोन अख्ख्या लेन, आणि त्या लेनमधल्या गाड्यांनी ॲक्सिलरेटर पिळायला सुरुवात केलेली असते. वर हे गणित असं धरतं की हिरवं लागल्याबरोबर माणूस निघतो. आई आधी डावी-उजवीकडे बघते, मग एक पाय खाली टाकते, मग दुसरा, त्यातच दोन-तीन सेकंद जातात. आणि फ्री लेफ्ट असेल तर डावीकडे वळणाऱ्या गाड्या तर कधीच थांबत नाहीत, त्यांच्यासाठी तिचं हिरवं आणि लाल सारखंच.

ह्यावर उपाय नाही असं अजिबात नाहीये. अमेरिकेने २००९ मध्ये त्यांच्या नियमावलीतला हा वेग १.२ वरून साधारण १.०७ वर आणला. सिंगापूरने त्याच वर्षी अजून सरळ रस्ता काढला, तिथे ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवलं की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद वाढवून मिळतात. आपला २० मीटरचा रस्ता घेतला तर आईला हवे आहेत फक्त आठ.

शरीरात नक्की काय बदलतं

म्हातारपणी पाय जातात असं आपण म्हणतो पण चालणं हे एकट्या पायांचं काम नाहीये. डोळे, कान, तळव्यांची जाणीव आणि लक्ष, ह्या सगळ्यांचं ते एकत्र काम आहे, आणि ह्यातलं एक जरा कमी झालं की बाकीचे ते भरून काढतात. घरात कोणी आजारी पडलं की बाकीचे त्याची कामं वाटून घेतात ना, तसं. पण दोघं-तिघं एकदम आजारी पडले तर घर कोलमडतं.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. त्यामुळे आपल्याला संध्याकाळी सात वाजता जो रस्ता नीट दिसतो तो त्यांना अंधारात असतो, आणि समोरून एखादा पांढराधोप हेडलाइट आला की पुढचे काही सेकंद काहीच दिसत नाही. बायफोकल चष्म्याचा वेगळाच त्रास, कारण खाली बघितलं की वाचायच्या नंबरातून बघितलं जातं आणि नेमकी पायाखालची कड पुसट होते. जुना डायबिटीस असेल तर तळव्यांना बधिरपणा आलेला असतो, दगड हलतोय हे पायाला उशिरा कळतं. कान मंदावले की मागून येणारी गाडी कळत नाही आणि आता इलेक्ट्रिक स्कूटर तर आवाजच करत नाहीत.

सगळ्यात कमी बोललं जातं ते लक्षाबद्दल. तरुणपणी चालणं आपोआप होतं, बोलत बोलत, फोन बघत बघत. वय वाढलं की प्रत्येक पावलाला थोडं डोकं द्यावं लागतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवली, चालताना कोणी बोलायला लागलं की जे म्हातारे लोक चालायचे थांबून मग उत्तर देतात ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. मी हे वाचलं आणि मला आई आठवली, हल्ली रस्त्यात मी काही विचारलं की ती थांबते, माझ्याकडे बघून उत्तर देते आणि मग चालायला लागते. मी आजवर म्हणत होते, "अगं चल ना, चालता चालता बोल." आता म्हणत नाही.

फुटपाथ आहे की, मग?

आहे. आईच्या घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत साधारण दोनशे मीटर फुटपाथ आहे. मी मोजलं, त्या दोनशे मीटरमध्ये तो नऊ वेळा खाली उतरतो आणि नऊ वेळा वर चढतो, कारण प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी गाडी आत जायला तो तोडलाय. दोन ठिकाणी उंची माझ्या दीड वितेएवढी. एका जागी मधोमध महावितरणचा डीपी, एका जागी पेव्हर ब्लॉक उखडलेत आणि एक ब्लॉक असा आहे की पाय ठेवला की डुगडुगतो आणि पावसाळ्यात खालचं पाणी पिचकारीसारखं उडतं. आईला तो ब्लॉक पाठ आहे. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण कुठे वर आलंय तेही पाठ आहे. ती खाली मान घालून चालते ती म्हातारपणाने नाही, तिला पायाखाली बघत राहावं लागतं म्हणून. आणि खाली बघत असल्यामुळे समोरून फुटपाथवर चढलेली बाइक तिला दिसत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेस, थोडक्यात आयआरसी, ही संस्था देशभरातल्या रस्त्यांचे मापदंड ठरवते. त्यांच्या पादचाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत लिहिलंय की फुटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवं येता कामा नये. १५ सेंटीमीटर का, तर घराच्या जिन्याची एक पायरी साधारण तेवढी असते, त्याच्या वर गेलं की गुडघा नुसता वाकून भागत नाही, अंग उचलावं लागतं. आणि उतरणं तर चढण्याहून वाईट. पायरी उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्याची माणसं उतरताना आधी काहीतरी धरायला शोधतात. फुटपाथला धरायला काहीच नसतं. मग आई काय करते, तर फुटपाथच्या खाली, रस्त्याच्या कडेने, पार्क केलेल्या गाड्यांच्या बाजूने चालते. लोक म्हणतात फुटपाथ असून वापरत नाहीत. नऊ वेळा चढ-उतार करून बघा म्हणजे कळेल का वापरत नाहीत.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद, सपाट करून मध्ये बसायला जागा केल्या, तिथे संध्याकाळी जाऊन बघा किती पांढऱ्या केसांची माणसं दिसतात. ती माणसं काही एकाएकी तरुण झालेली नाहीत.

पूल बांधलाय ना, वरून जा की

हे तर हमखास ऐकू येतं. आता पुलाचा हिशोब करू. खालून ट्रक-बस जायला साधारण साडेपाच मीटर उंची सोडावी लागते, त्यात पुलाची जाडी धरली की सहा मीटर. १५ सेंटीमीटरची पायरी धरली तर ४० पायऱ्या चढायच्या आणि ४० उतरायच्या, समोरच्या दुकानातून अर्धा किलो तूरडाळ आणायला. येताना परत तेच, हातात पिशवी घेऊन. लिफ्ट असते काही ठिकाणी, पण जी लिफ्ट चालू असेलच ह्याची खात्री नाही तिच्या भरवशावर ७४ वर्षांची बाई घरातून निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. मुंबईत २००८ मध्ये वांद्र्याचा पहिला स्कायवॉक झाला आणि नंतर ठिकठिकाणी झाले, त्यातले कितीतरी ओस पडले कारण खालच्या रस्त्यावरची भाजी, रिक्षा, दुकानं सोडून वर चढायला कोणाला कारणच नव्हतं.

पूल हा गाड्यांची सोय करतो. गाडी थांबू नये म्हणून माणसाने चढायचं. हायवेवर ते ठीक आहे, पण वस्तीतल्या रस्त्यावर जमिनीवरचंच क्रॉसिंग हवं, आणि मध्ये डिव्हायडरला खाच ठेवून उभं राहण्यापुरती जागा. ही मधली जागा फार मोलाची आहे. तिच्यामुळे २० मीटरचा एक रस्ता १० मीटरचे दोन होतात आणि आई एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघते. म्हाताऱ्या माणसांना गाडी किती लांब आहे हे बऱ्यापैकी कळतं पण ती किती वेगाने येतेय ह्याचा अंदाज चुकतो, त्यात दोन्ही बाजूंचा अंदाज एकदम करायचा म्हणजे फारच झालं. (वन-वे असला तरी राँग साइडने कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे आई वन-वेवरही दोन्हीकडे बघते.)

बसायला बाकडं, जायला बाथरूम

ह्या दोन गोष्टी रस्त्याच्या नकाशात कोणी दाखवत नाही, पण आई कुठवर जाणार हे ह्याच ठरवतात.

आईला दीडशे-दोनशे मीटरनंतर दोन मिनिटं टेकावं लागतं. टेकलं की परत तेवढंच जाता येतं, परत टेकलं की परत. म्हणजे दर दीडशे मीटरला बसायला असेल तर ती एक किलोमीटर जाते आणि नसेल तर दीडशे मीटरवरच तिचं गाव संपतं. बाकडी आपल्याकडे भरपूर आहेत, नगरसेवकाच्या नावासकट, पण ती बागेत, सोसायटीच्या आत, देवळाबाहेर, जिथे माणूस पोचूनच गेलाय तिथे. वाटेत नाहीत. आणि वाटेतल्या दुकानांच्या पायऱ्यांवर हल्ली टोकेरी पट्ट्या बसवतात कोणी बसू नये म्हणून. बाकडं कसं हवं तेही महत्त्वाचं, फार खोलगट किंवा बुटकं असेल तर बसलेलं माणूस उठत नाही, बाजूला हात टेकायला दांडी लागते.

बाथरूमचं लिहिताना जरा अवघड वाटतंय पण लिहायलाच हवं. बँकेत जायचं असलं की आई सकाळपासून पाणी पीत नाही. मला हे माहीतच नव्हतं. बीपीची एक गोळी आहे तिने लघवी जास्त होते, तर त्या दिवशी ती गोळीही घेत नाही. "वाटेत कुठे जाणार गं?" एवढंच म्हणाली. आता उन्हात, पाणी न पिता, गोळी चुकवून निघालेल्या बाईला चक्कर आली तर आपण काय म्हणणार, वय झालं. खुब्याचं हाड मोडलं तर साधारण पाचातलं एक म्हातारं माणूस वर्षाच्या आत जातं. इतक्या साध्या गोष्टीवरून हे सगळं सुरू होतं, चालू स्थितीतलं, स्वच्छ, उघडं असलेलं एक बायकांचं बाथरूम.

फेरीवाले हटवले की झालं का?

काही प्रमाणात हो, जिथे टपऱ्यांनी अख्खा फुटपाथ खाल्लाय तिथे हटवायलाच हवं. पण माझं मत आईसोबत फिरून बदललं. ती घराबाहेर पडते ती मुळात त्या भाजीवाल्या मावशींसाठी. त्यांच्या गाडीपाशी ती पाच मिनिटं उभी राहते, गाडीला हात टेकते, बोलते. एक दिवस आई आली नाही तर दुसऱ्या दिवशी मावशी विचारतात. ज्या रस्त्यावर कोणीच नाही, नुसती कंपाउंड वॉल आहे, तिथून जायला तिला भीती वाटते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यातही हेच आहे की जागा ठरवून द्यायच्या. १.८ मीटर मोकळं ठेवून बाजूला गाडी लागली तर कोणाचंच नुकसान नाही. आणि खरं सांगू का, फुटपाथवर सगळ्यात जास्त जागा अडते ती आपल्याच पार्क केलेल्या टू-व्हीलर्सनी, त्यांच्याबद्दल आपण गप्प बसतो.

मग ट्रॅफिकचं काय होणार?

सिग्नलला आठ सेकंद वाढवले, फुटपाथ रुंद केले तर आधीच तुंबलेला रस्ता अजून तुंबेल, ही शंका खोटी नाही. काही चौकांत थोडा वेळ जास्त लागेल. पण समोरच्या पारड्यात काय आहे तेही बघा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ दर पाचातलं एक. गाडी ताशी ३० ने येऊन धडकली तर बहुतेक माणसं वाचतात, ५० ने धडकली तर धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि म्हातारं शरीर असेल तर कमी वेगातही वाचणं अवघड. म्हणून सिंगापूरने २०१४ पासून जिथे ज्येष्ठ जास्त राहतात अशा भागांत वेग कमी, वळणदार रस्ता आणि मध्ये थांबायला जागा असे पट्टे करायला घेतले.

शिवाय हे फक्त म्हाताऱ्यांचं नाहीये. बाबागाडी ढकलणारी आई, पाय मोडलेला कॉलेजचा मुलगा, सिलेंडर डोक्यावर घेतलेला माणूस, सगळ्यांना तोच सपाट फुटपाथ लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात लक्ष्मी रोडवर एक दिवस गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला, तेव्हापासून ११ डिसेंबरला तो होतो. आमची आई एका वर्षी गेली होती. रस्त्याच्या मधोमध चालली. घरी आल्यावर तिने त्याबद्दल तीन दिवस सांगितलं, लक्ष्मी रोडवरून असं शेवटचं कधी चालले होते ते.

बागेत चालावं, नाहीतर रिक्षाने जावं

बागेत चालणं चांगलंच. डॉक्टर सांगतात आठवड्याला दीडशे मिनिटं चाला, ती बागेत होतातही. पण बागेपर्यंत जायचं कसं हा प्रश्न तसाच राहतो, आणि बागेत गोल फिरून भाजी येत नाही, बँकेचं काम होत नाही. रोजचं चालणं कामाच्या निमित्ताने होतं तेव्हाच ते टिकतं.

काही जण म्हणतात आमचे आजोबा ऐंशीचे आहेत, रोज पर्वती चढतात, त्यांना कसा त्रास होत नाही? मला वाटतं ह्याच उदाहरणात उत्तर आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत पण त्या रुंद आहेत, एकसारख्या आहेत, कडेला बसता येतं, मागून कोणी हॉर्न मारत नाही आणि सतरा सेकंदांत वर पोचायचं नसतं. तेच आजोबा खाली उतरल्यावर सिंहगड रोड क्रॉस करायला कोणाचा तरी हात शोधतात.

रिक्षाचं म्हणाल तर चारशे मीटरला रिक्षावाले येत नाहीत. आणि प्रवास स्वस्त करून हे सुटत नाही. एसटीत २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना तिकीटच नाही, ही फार चांगली गोष्ट झाली, आईच्या मैत्रिणी त्यावर पंढरपूर, तुळजापूर करून आल्या. पण स्टँडवर सोडायला प्रत्येकीचा मुलगा किंवा जावई गाडी घेऊन आला होता.

मागायचं कोणाकडे

इथे सामान्य माणूस थकतो. फुटपाथ पथ विभागाचा, त्यावरचं झाड उद्यान विभागाचं, चेंबर मलनिस्सारणचं, टपरी अतिक्रमण विभागाची, डीपी महावितरणचा आणि सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलिसांशी बोलायचं. म्हणून "आमच्या भागातला फुटपाथ खराब आहे" अशी तक्रार केली की ती इकडून तिकडे फिरत राहते आणि शेवटी बंद होते. माझीही दोनदा झाली. मग मी एक जागा एक तक्रार असं करायला लागले. अमुक दुकानासमोर, उंची इतके सेंटीमीटर, टेपसकट फोटो, आयआरसीची मर्यादा १५. डुगडुगणारा तो ब्लॉक अकरा दिवसांत बसवला. डीपी आहे तिथेच आहे.

दुसरा मार्ग बजेटचा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या वॉर्डातली छोटी कामं महापालिकेच्या बजेटसाठी सुचवता येतात, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मी तो आणला आणि भरायला बसले तर आईने हातातून घेतला, म्हणाली मी लिहिते. चष्मा लावून, सावकाश, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात तिने लिहिलं. कामाचे स्वरूप: बाकडे, नग एक, दोन्ही बाजूंना हात टेकण्यास दांडी असावी. ठिकाण: औषधाच्या दुकानाच्या अलीकडे, गुलमोहराखाली. आणि कंसात, कोणी विचारलं नव्हतं तरी, (तेथे दुपारी सावली असते).